मोठ्या आजारपणात ‘सकारात्मक राहा’ म्हणजे नेमकं करायचं काय?

सांजवेळ

कॅन्सर, पक्षाघात, किडनी निकामी होणं, असं मोठं दुखणं घरात शिरलं की पहिल्या आठवड्यात सर्वांत जास्त ऐकू येणारं वाक्य म्हणजे ‘सकारात्मक राहा’. सांगणाऱ्याच्या मनात माया असते, पण ऐकणाऱ्याच्या हाती त्यातून काही लागत नाही. उद्या सकाळी उठून काय करायचं, हा त्याचा प्रश्न असतो.

माझं मत असं की धीर मनातून ओढून काढता येत नाही. दुखणं आटोक्यात असलं, रात्री झोप लागली, कामं वाटली गेली आणि डॉक्टरांनी काय सांगितलं ते नीट कळलं, की धीर आपसूक मागोमाग येतो. तेव्हा या धाग्यावर उपदेश नको, कृती लिहा. कशाचा उपयोग होतो, कुठे चुकतं, का चुकतं. औषधांचे डोस मात्र कुणी सुचवू नयेत, ते उपचार करणाऱ्या डॉक्टरांवर सोडू या.

वाटसरू

विषय चांगला आहे, पण तुमच्या मताशी अर्धाच सहमत. मन खचलं की माणूस औषध टाळतो, जेवत नाही, तपासणीला जायला नको म्हणतो. जगण्याची इच्छा असेल तर शरीर साथ देतं. मनोबल आधी, बाकी सगळं नंतर.

दीर्घश्वास

वाटसरू, यात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्या आहेत. मन आनंदी ठेवल्याने गाठ लहान होते का, ही एक. मन खचल्याने उपचार अर्धवट सुटतात का, ही दुसरी.

पहिलीचं उत्तर बऱ्यापैकी तपासलेलं आहे. २००७ मध्ये डोकं आणि मानेच्या कॅन्सरच्या १,०९३ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. उपचारांच्या सुरुवातीला त्यांची भावनिक स्थिती मोजली होती. ती चांगली असण्याचा आणि ते किती जगले याचा काही संबंध आढळला नाही. त्याआधी १९८९ च्या एका अभ्यासाने मोठी आशा लावली होती. स्तनाच्या पसरलेल्या कॅन्सरच्या ८६ स्त्रियांपैकी ज्या आधारगटात जात होत्या त्या सरासरी ३६.६ महिने जगल्या आणि बाकीच्या १८.९ महिने. मग २००१ मध्ये २३५ स्त्रियांवर तेच पुन्हा करून पाहिलं, तेव्हा आयुष्य वाढलं नाही. मात्र आधारगटातल्या स्त्रियांना वेदना कमी जाणवल्या आणि मनाचा त्रास कमी झाला. म्हणजे गटाचा फायदा खरा आहे, तो आयुष्याच्या लांबीत दिसत नाही इतकंच.

हे इतकं लिहायचं कारण, ‘मनाने हरला म्हणून आजार वाढला’ हे वाक्य रुग्णाच्या कानावर पडतं आणि तो ते खरं मानतो. आजार वाढलेला, त्यात हा ठपका. असं कुणी बोलत असेल तर तिथल्या तिथे थांबवावं.

वाटसरू

गाठीबद्दल मान्य. दुसऱ्या मुद्द्यावर मात्र मी ठाम आहे. २००० साली अनेक अभ्यास एकत्र करून काढलेला निष्कर्ष असा की नैराश्य असलेल्या रुग्णांनी उपचार न पाळण्याची शक्यता इतरांच्या तिप्पट असते. म्हणून मनाकडे बघायचंच. पण ‘हसत राहा’ म्हणून नव्हे, नैराश्य हा सुद्धा एक आजार समजून त्याचे उपचार करायचे.

दीर्घश्वास

यावर पूर्ण सहमत.

केशरऊन

सांजवेळ यांनी दुखण्याचा उल्लेख पहिला केला ते बरोबरच आहे. वेदना ० ते १० च्या मापावर सात-आठवर असताना माणसाला कुठलाही विचार करवत नाही. चांगलाही नाही आणि वाईटही नाही.

एक साधी वही करा. रकाने असे: वेळ, कुठे दुखतंय, कसं दुखतंय (जळजळ, ठणका, सुई टोचल्यासारखं, पिळवटल्यासारखं), ० ते १० मध्ये आकडा, दिलेलं औषध आणि तासाभराने पुन्हा आकडा. हा शेवटचा रकाना लोक सोडून देतात आणि डॉक्टरांना नेमका तोच हवा असतो. औषधाने आकडा आठवरून तीनवर आला पण तीन तासांत पुन्हा आठ झाला, तर अडचण दोन डोसांमधल्या अंतराची आहे. आठवरून सातवरच आला, तर प्रमाण किंवा औषध बदलायला हवं. ‘फार दुखतं हो’ एवढ्यावरून हा फरक कळत नाही. जळजळ किंवा विजेचा झटका बसल्यासारखं दुखत असेल तर ते नसांचं दुखणं असू शकतं. त्याची औषधं वेगळी असतात, म्हणून ‘कसं दुखतंय’ हा रकाना.

सततच्या दुखण्यावरचं औषध घड्याळ लावून द्यायचं असतं. ‘अगदीच सहन होईना तेव्हा देऊ’ असं म्हणून थांबलं की दुखणं डोक्यावर चढतं आणि ते खाली आणायला जास्त औषध लागतं. मॉर्फिनची, म्हणजे तीव्र वेदनेवरच्या औषधाची, साधी गोळी साधारण चार तास चालते, म्हणून ती चार-चार तासांनी लिहिलेली असते. सावकाश विरघळणाऱ्या गोळ्यांचा नियम निराळा आहे. त्या कधीही कुटायच्या नाहीत, चावायच्या नाहीत. गिळता येत नाही म्हणून कुटून दिली तर बारा तासांचं औषध एकदम अंगात जातं आणि श्वास मंदावू शकतो. गिळायला त्रास होतोय हे डॉक्टरांना सांगा, दुसरा प्रकार मिळतो.

मॉर्फिन सुरू झालं की गुंगी दोन-तीन दिवस राहते, मळमळ सुमारे आठवडाभर, मग दोन्ही ओसरतात. बद्धकोष्ठता मात्र ओसरत नाही. त्यामुळे पोट साफ होण्याचं औषध पहिल्याच दिवसापासून सोबत हवं. ‘मॉर्फिन सोसवत नाही’ म्हणून ते बंद करणाऱ्यांपैकी बरेच जण खरं तर या बद्धकोष्ठतेने बेजार झालेले असतात.

राजगिरा

वाचनखूण साठवली. केशरऊन, व्यसन लागेल या भीतीने घरचे लोक देत नाहीत, त्याचं काय?

केशरऊन

वेदनेसाठी, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, ठरलेल्या वेळी दिलेल्या औषधाने व्यसन लागणं कमी आढळतं. शरीराला त्याची सवय होते हे खरं. म्हणून एकदम बंद करायचं नाही, डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे हळूहळू उतरवायचं. सवय आणि व्यसन एक नव्हेत. औषध कुलपात ठेवा, उरलेल्या गोळ्या मोजून वहीत लिहा, बाकीची काळजी नको.

प्राजक्त

‘माणूसच बदलला, चिडका झाला, गप्प झाला, जगायची इच्छाच गेली’ अशी तक्रार आली की समुपदेशकाच्या आधी शारीरिक कारण शोधावं. कारणं बरीच असतात.

स्टेरॉइड: केमोसोबत, मेंदूवरची सूज कमी करायला, इतरही ठिकाणी देतात. त्याने झोप उडते, चिडचिड होते, कधी उगीचच उत्साह आणि मग रडू येतं. शक्य असेल तर सकाळी घेता येईल का, हे डॉक्टरांना विचारा. संध्याकाळच्या डोसाने रात्र जागून जाते. मानेवर रेडिएशन झालं असेल तर थायरॉइड मंदावू शकतं, तेही काही महिन्यांनी किंवा वर्षांनी, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. सुस्ती, थंडी वाजणं, मन उदास असणं. साध्या रक्ततपासणीत ते कळतं. हिमोग्लोबिन घसरलं तरी माणूस निरुत्साही दिसतो.

आणि सर्वांत जास्त नजरेतून सुटणारी गोष्ट म्हणजे अचानक होणारा भ्रम. हा नेहमी आरडाओरडा करणाराच असतो असं नाही. शांत प्रकारही असतो. माणूस भिंतीकडे तोंड करून पडून राहतो, उत्तर देत नाही, जेवत नाही. घरचे म्हणतात, हाय खाल्ली. फरक असा ओळखा. नैराश्य आठवड्यांत चढतं, भ्रम तासांत किंवा एक-दोन दिवसांत येतो आणि दिवसभर कमी-जास्त होत राहतो. रुग्णाला वर्षाचे महिने उलटे म्हणायला सांगा, डिसेंबर, नोव्हेंबर, ऑक्टोबर. कालपर्यंत जमत होतं आणि आज दोन नावं घेतानाच धागा सुटतोय, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. मागे लघवीचा संसर्ग, तुंबलेली लघवी, बद्धकोष्ठता, पाणी कमी पडणं किंवा नवीन औषध असू शकतं. यातली बरीच कारणं दूर करता येतात. आणि हो, चष्मा आणि कानाचं यंत्र लावलेलं आहे ना, तेही बघा. दिसत-ऐकू येत नसलं की भ्रम वाढतो.

मधलीसुट्टी

प्राजक्त, हा प्रतिसाद स्वतंत्र धाग्याच्या लायकीचा आहे.

पारावरचा

घाबरगुंडी कमी करायचा माझ्या माहितीतला सर्वांत चांगला उपाय म्हणजे निर्णय आधीच घेऊन कागदावर लिहून ठेवणं. रात्री दोन वाजता ताप आला की घरात वाद होतो, आत्ता जायचं की सकाळी? त्या वादात सगळ्यांचं अवसान गळतं.

केमोचं उदाहरण घ्या. बऱ्याच केमोंनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवशी संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी सर्वांत कमी असतात. त्या काळात ३८ अंश सेल्सिअस, म्हणजे १००.४ फॅरनहाइट ताप आला तर ती तातडीची गोष्ट आहे, रात्र असो वा पहाट. तुमच्या डॉक्टरांनी याहून खालचा आकडा सांगितला असेल तर तोच धरा. ताप मोजण्याआधी पॅरासिटामॉल द्यायचं नाही. आकडा उतरतो, संसर्ग आतल्या आत वाढत राहतो आणि मोलाचे तास जातात. थर्मामीटर गुदद्वारात लावायचा नाही, तिथे जखम झाली तर जंतू थेट रक्तात जातात. थंडी वाजून अंग थरथरत असेल तर आकडा कमी असला तरी फोन करायचा.

कागदावरची वाक्यं ‘जर… तर…’ अशी लिहा. ‘जर ताप १००.४ किंवा जास्त, तर या नंबरवर फोन, ही पिशवी उचलायची, केमोची तारीख आणि औषध पहिल्या वाक्यात सांगायचं.’ पीटर गोल्विट्झर या मानसशास्त्रज्ञाने १९९९ च्या लेखात अशा योजनांचा अभ्यास मांडला आहे. ‘मी नीट काळजी घेईन’ या निश्चयापेक्षा ‘अमुक झालं तर तमुक करीन’ असं ठरवलेलं जास्त वेळा प्रत्यक्षात येतं, कारण प्रसंग समोर आला की कृती आठवावी लागत नाही. हेच मनाच्या बाबतीतही चालतं. ‘जर तपासणीच्या आदल्या रात्री झोप आली नाही, तर उठून दुसऱ्या खोलीत बसायचं, मोबाइलवर आजाराबद्दल काही शोधायचं नाही.’

कागद फ्रिजच्या दारावर हवा. कपाटातल्या फाइलमध्ये गेला की तो नसल्यातच जमा.

निळा पक्षी

सगळं उपयोगी आहे, पण वाचून दडपण येतंय. वही, कागद, रकाने. आजारपणातलं घर म्हणजे कचेरी झाली की काय? आशेचं काय?

मधलीसुट्टी

निळा पक्षी, दडपण येणं साहजिक आहे. पण जे कागदावर उतरतं ते डोक्यात घोळत राहत नाही, हा कागदाचा खरा फायदा. सगळं एका माणसाने करायचंही नाही.

डॉक्टरांच्या भेटीचं सांगतो. फाइल जाड असू दे, पण वर एकच पान हवं: निदान आणि तारीख, झालेले उपचार, सध्याची औषधं वेळेसह, ॲलर्जी, दोन फोन नंबर. प्रश्न तीनच न्या, महत्त्वाचा सर्वांत वर. दहा नेले तर पहिल्या दोन साध्या प्रश्नांतच वेळ संपतो. एकाने बोलायचं, दुसऱ्याने लिहायचं. वाईट बातमीनंतरचं पुढचं बोलणं रुग्णाच्या कानात शिरत नाही, त्यामुळे लिहिणारा लागतोच. निघताना डॉक्टरांना आपल्या शब्दांत सांगून दाखवा: ‘म्हणजे ही गोळी जेवणानंतर, रक्ततपासणी सोमवारी, आणि पाय सुजले तर लगेच फोन. बरोबर?’ चुकीचं समजलेलं तिथेच सापडतं.

पुढचं विचारायचं तर ‘किती दिवस?’ याऐवजी असं विचारा: ‘सगळं चांगलं झालं तर काय, वाईट झालं तर काय, आणि जास्त शक्यता कशाची?’ तीन चित्रं मिळतात. मध्यकाचा आकडा सांगितला तर त्याचा अर्थ एवढाच की निम्मे रुग्ण त्याहून कमी जगतात आणि निम्मे त्याहून जास्त. शास्त्रज्ञ स्टीफन जे गूल्ड यांना १९८२ मध्ये पोटातला मेसोथेलिओमा (आतल्या अस्तराचा कॅन्सर) झाला, तेव्हा त्या आजाराचा मध्यक आठ महिन्यांचा होता. ते २००२ पर्यंत जगले आणि गेले ते वेगळ्याच कॅन्सरने. प्रत्येकाचं असं होईल असा याचा अर्थ मुळीच नाही. पण मध्यकाचा आकडा ऐकून तो मुदतीसारखा कॅलेंडरवर मांडू नये, एवढं यातून नक्की घ्यावं.

दीर्घश्वास

आशेबद्दल थोडं माझ्याकडून. आशा एकाच गोष्टीची असते असं नाही. ‘पूर्ण बरं व्हावं’ ही एक, ‘आज रात्री न दुखता झोप लागावी’ ही दुसरी, ‘नात्यातला अबोला सुटावा’ ही तिसरी. पहिली मिटली की सगळं संपलं असं वाटतं, कारण बाकीच्यांबद्दल कुणी विचारलेलंच नसतं. रुग्णाला विचारा: ‘येत्या महिन्यात काय व्हायला हवं असं वाटतं?’ उत्तर बहुधा जमण्यासारखं असतं.

पॅलिएटिव्ह केअरचं, म्हणजे वेदना आणि त्रास कमी करणाऱ्या सेवेचं, नाव काढलं की ‘म्हणजे आता हात टेकले’ असं समजतात, ते काढून टाका. सिसिली सॉन्डर्स यांनी १९६७ मध्ये लंडनला सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केलं. वेदना फक्त शरीराची नसते, मनाची, नात्यांची, पैशाची काळजीही तिच्यात मिसळलेली असते, अशी त्यांची मांडणी. पुढे २०१० मध्ये फुप्फुसाच्या पसरलेल्या कॅन्सरच्या १५१ रुग्णांचा अभ्यास आला. निम्म्यांना नेहमीच्या उपचारांसोबत सुरुवातीपासून पॅलिएटिव्ह केअर दिली. त्यांच्यात नैराश्याची लक्षणं १६ टक्के जणांत दिसली, इतरांत ३८ टक्के. त्यांच्या आयुष्याचा मध्यक ११.६ महिने, इतरांचा ८.९. एकाच अभ्यासाचे आकडे आहेत, सगळ्या आजारांना लावू नका. पण उपचार चालू असतानाच ही सेवा मागायची असते, हे मात्र पक्कं लक्षात ठेवा.

वैशाख

पडून असलेल्या रुग्णाबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. पाठीला जखम झाली की रुग्णाचाही धीर जातो आणि करणाऱ्याचाही.

दर दोन तासांनी कूस बदला. पूर्ण कुशीवर झोपवू नका, खुब्याच्या हाडावर सगळा भार येतो. पाठीमागे उशी लावून साधारण ३० अंश तिरकं ठेवा. गुडघ्यांमध्ये एक उशी. टाचांसाठी पोटरीखाली उशी घाला, टाच हवेत राहिली पाहिजे. पलंगाचं डोकं ३० अंशांपेक्षा जास्त वेळ उंच राहिलं की माणूस खाली घसरतो, कातडी ओढली जाते आणि माकडहाडापाशी जखम होते. भरवताना मात्र बसतं करायचंच आणि नंतर अर्धा तास तरी तसंच ठेवायचं, नाहीतर घास श्वासनलिकेत जातो. वर ओढून घेताना काखेत हात घालून ओढू नका. खाली आडवी चादर घालून दोघांनी दोन्हीकडून उचलून सरकवा.

रोज अंग पुसताना माकडहाड, खुबे, टाचा, घोटे, खांद्याची पाती आणि डोक्याची मागची बाजू उजेडात बघा. लाल डाग दिसला तर बोटाने दाबून सोडा. दाबल्यावर फिका पडून पुन्हा लाल झाला तर भार काढून लक्ष ठेवा. दाबूनही लालच राहिला तर जखमेची सुरुवात झालेली आहे. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही, तिथे आजूबाजूपेक्षा गरम, कडक किंवा गडद लागतंय का, हे हाताने पाहा. त्या जागी चोळू नका, आतल्या दबलेल्या रक्तवाहिन्या आणखी दुखावतात. मध्ये भोक असलेली गोल उशी तर नकोच, कडेचा दाब वाढून मधला रक्तपुरवठा कमी होतो. हवेची गादी घेतली तरी कूस बदलणं सुटत नाही. हा गैरसमज फार आहे.

राजगिरा

गोल उशीबद्दल माहीतच नव्हतं. धन्यवाद वैशाख.

खडीसाखर

घरात मुलं असतील तर त्यांना काय सांगायचं? लपवावं असं मोठ्यांना वाटतं, पण मुलं चेहरे वाचतात आणि अर्धवट ऐकलेल्यावरून स्वतःच काहीतरी रचतात. ते खऱ्यापेक्षा भयंकर असतं.

आजाराचं नाव घ्या. ‘बरं नाही’ एवढंच सांगितलं तर उद्या साध्या सर्दीलाही मूल घाबरतं. लहान मुलाला तीन गोष्टी स्पष्ट सांगाव्या लागतात: तुझ्यामुळे हे झालेलं नाही, संसर्गाचा आजार नसेल तर जवळ बसल्याने हे होत नाही, आणि तुला शाळेत सोडायला, झोपवायला अमुक माणूस असेल. तिसरी सर्वांत महत्त्वाची. दिसणारे बदल आधी सांगून ठेवा, ‘औषधाने केस जातील, मग परत येतील’. ‘मरशील का?’ असं विचारलं तर खोटं वचन देऊ नका. ‘डॉक्टर पूर्ण प्रयत्न करतायत, काही बदललं तर मी तुला स्वतः सांगेन’ हे वाक्य पाळता येतं. किशोरवयीन मुलांना कामं जरूर द्या, पण आई-बापाचं सांत्वन करायचं काम त्यांच्यावर टाकू नका. वर्गशिक्षकांना कळवा, अभ्यासात घसरण होणार आहेच.

टाकसाळ

पैशाचं बोलायला सगळे बिचकतात. पहिल्याच आठवड्यात खर्चाच्या कागदाचे तीन भाग करा: थांबवता न येणारं, पुढे ढकलता येणारं, बंद करता येणारं. कर्जाचा हप्ता चुकणार असेल तर चुकण्याआधी सावकाराला किंवा बँकेला लेखी कळवा. चुकण्याआधी केलेल्या विनंतीला मार्ग सापडतो, नंतर दंड सुरू होतो. मूळ बिलं, पावत्या, डिस्चार्जचे कागद तारखेच्या क्रमाने लावा आणि प्रत्येकाचा फोटो काढून ठेवा. विम्याच्या पूर्वपरवानगीची मुदत ठरलेल्या शस्त्रक्रियेच्या आधी तपासा. रुग्ण शुद्धीत आणि सही करण्याच्या स्थितीत असतानाच खाती, वारस, अधिकारपत्र यांचं काम उरका. हे करणं म्हणजे अपशकुन असं मानून थांबू नका.

हॉस्पिटलात सामाजिक कार्यकर्ता आहे का, ते विचारा. मदतनिधी, प्रवासखर्च, राहण्याची सोय यांची माहिती डॉक्टरांपेक्षा त्यांच्याकडे जास्त असते.

रातराणी

करणाऱ्या माणसाबद्दल. घरात बहुतेक वेळा एकच जण सगळं ओढत असतो आणि बाकीचे ‘काही लागलं तर सांग’ म्हणतात. त्या वाक्यातून मदत मिळत नाही, कारण काय लागतं ते शोधून सांगण्याचं काम पुन्हा त्याच दमलेल्या माणसावर येतं.

तेव्हा यादीच करा, माणूस आणि वार लिहून. ‘मंगळवारी रक्ततपासणीला नेणं, तू.’ ‘शुक्रवारी रात्र, तो.’ आठवड्यातून निदान दोन रात्री अखंड झोप मुख्य माणसाला मिळालीच पाहिजे. दिवसाच्या डुलक्यांनी ती भरून निघत नाही. आणि यादी सांभाळणारा रुग्णाजवळचा नसावा. तो दूर राहणारा चालतो, फोनवरूनच करता येतं. दूर असलेल्यांना अपराधी वाटत असतं, त्यांना हे काम द्यावं.

करणाऱ्याचा थकवा मोजायला झॅरिट यांची २२ प्रश्नांची प्रश्नावली वापरतात, डॉक्टरांकडे मागता येते. घरच्या घरी एवढं बघा: सलग दोन आठवडे, बहुतेक दिवस, कशातच रस नाही किंवा मन उदास आहे, तर डॉक्टरांना दाखवायला हवं. हे रुग्णालाही लागू आणि करणाऱ्यालाही. नैराश्याच्या औषधाचा गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात, आठवड्यात फरक नाही म्हणून सोडू नये.

कुणी ‘आता नको हे जगणं’ म्हणालं तर विषय बदलू नका. सरळ विचारा, ‘जीव द्यायचा विचार येतो का? काही ठरवलंय का?’ विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही, उलट माणूस मोकळा होतो. हो म्हणाला तर एकटं सोडू नका, औषधं हाताशी ठेवू नका आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

निळा पक्षी

आता पटलं. मीही थोडी भर घालतो. कॅन्सरच्या उपचारांतला थकवा विश्रांतीने जात नाही, हे बऱ्याच जणांना विचित्र वाटतं. जितकं पडून राहावं तितके स्नायू कमी होतात आणि थकवा वाढतो. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तज्ज्ञांच्या शिफारशीत आठवड्यातून तीनदा, अर्धा तास, मध्यम वेगाचा व्यायाम सांगितला आहे, थकवा, चिंता आणि उदासी तिन्हींसाठी. अर्धा तास एकदम जमत नसेल तर दहा-दहा मिनिटांचे तीन तुकडे. मध्यम म्हणजे चालताना बोलता येतं, गाता येत नाही. ताप असेल, प्लेटलेट फार कमी असतील, आजार हाडांत असेल तर आधी विचारून.

लोक नेहमी चुकतात ते असं: बरं वाटलं त्या दिवशी आठवड्याची कामं उरकतात आणि पुढचे तीन दिवस अंथरूण धरतात. चांगल्या दिवशी जमेल त्यापेक्षा थोडं कमी करायचं, वाईट दिवशी थोडं तरी करायचं. दिवसात दोन गोष्टी ठरवाव्यात, एक कामाची, एक आवडीची. आवडीची दुपारच्या आत, कारण संध्याकाळपर्यंत शक्ती उरत नाही.

जुना_वाचक

अवांतर: आजारी माणसाच्या खोलीत हसावं की नाही?

खडीसाखर

अवश्य हसावं. पण आजारावरचा विनोद रुग्णाने आधी करायचा. त्याने टकलावर विनोद केला की खुशाल खदखदून हसा. त्याने केला नाही तर दुसऱ्या कशावर हसा, जगात विषय पुष्कळ आहेत. आणि टाके ओले असतील तर हसताना पोटाशी उशी धरायला द्या, हे सर्जनसुद्धा सांगतात.

सांजवेळ

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. मूळ प्रश्नाचा एक तुकडा अजून राहिलाय. भेटायला येणाऱ्याने ‘सकारात्मक राहा’ याऐवजी म्हणायचं काय? तोंडातून दुसरं वाक्य निघत नाही, म्हणून तेच म्हटलं जातं.

प्राजक्त

‘आज कसं वाटतंय?’ यातला ‘आज’ महत्त्वाचा, उत्तर देणं सोपं होतं. ‘यावर बोलायचंय की दुसऱ्या कशावर?’ ‘मी बुधवारी दुपारी मोकळा आहे, फाइल घेऊन रांगेत उभा राहू का?’ नुसतं ‘फार अवघड आहे हे’ म्हणून गप्प बसलं तरी चालतं. ‘आमच्या ओळखीत एकाला हेच होतं…’ हे मात्र अजिबात नको, शेवट चांगला असला तरी.

२०१३ मध्ये सुझन सिल्क आणि बॅरी गोल्डमन यांनी एक सोपी आकृती मांडली. मध्यभागी रुग्ण, भोवती वर्तुळं: जोडीदार, जवळचं कुटुंब, मित्र, ओळखीचे. आपल्यापेक्षा आतल्या वर्तुळाकडे फक्त आधार द्यायचा आणि आपली भीती, रडणं, राग बाहेरच्या वर्तुळापाशी मोकळा करायचा. रुग्णाच्या बायकोच्या गळ्यात पडून पाहुण्याने रडायचं आणि तिने त्याची समजूत काढायची, हे उलटं झालं.

राजगिरा

आणि भेट किती वेळाची असावी?

वैशाख

वीस मिनिटं पुरतात. फोन करून या, सर्दी-खोकला असेल तर येऊ नका, केमोनंतर पांढऱ्या पेशी कमी असण्याच्या दिवसांत तर नकोच. पलंगावर बसू नका, खुर्ची घ्या, आल्याबरोबर हात धुवा. रुग्ण डोळे मिटायला लागला की उठा. ‘नाही नाही, बसा’ असं म्हणाला तरी उठा.

टाकसाळ

नातेवाइकांच्या फोनचंही ठरवून टाका. एक माणूस, आठवड्यातला एक वार, एकच मजकूर सगळ्यांना. काय सांगायचं आणि काय नाही हे रुग्णाला आधी विचारून. रिपोर्टचे फोटो गटावर टाकू नका, तासाभरात चार वेगळे सल्ले आणि दोन नवीन डॉक्टरांची नावं येतात.

रातराणी

यात एक वाक्य घालाच: ‘वेगळं उत्तर लिहिता आलं नाही तरी निरोप वाचून दाखवतो.’ मग लोक लिहीत राहतात आणि करणाऱ्यावर उत्तराचं ओझं राहत नाही.

सांजवेळ

हे लगेच वापरण्यासारखं आहे. पारावरचा, तुमच्या ‘जर-तर’ कागदाचा नमुना पक्षाघाताच्या रुग्णासाठी कुणी करू शकेल का?

पारावरचा

करतो. सुरुवात अशी: ‘जर चेहरा एका बाजूला वाकडा, एक हात खाली पडतो किंवा बोबडं बोलणं अचानक सुरू, तर शेवटचं नीट दिसल्याची वेळ लिहायची आणि रुग्णवाहिका. पाणी, गोळी, काहीही तोंडात घालायचं नाही.’ वेळ यासाठी की गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं आणि डॉक्टर पहिला प्रश्न तोच विचारतात. गिळण्याच्या आणि पडण्याच्या ओळी वैशाख यांनी तपासून द्याव्यात, मग पूर्ण कागद इथेच टाकतो.

वैशाख

पाठवा, बघतो. गिळण्याची पहिली ओळ आत्ताच घ्या: ‘जर पाणी पिताना खोकला किंवा नंतर आवाज ओलसर, तर तोंडाने देणं थांबवायचं आणि गिळण्याची तपासणी होईपर्यंत वाट पाहायची.’